जीटीएक्स १०५०, जुना लॅपटॉप आणि लिनक्स मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर

स्वयंपाकघराचा व्ह्यू बघितल्याशिवाय हल्ली कोणी सनमायकाचा रंग ठरवत नाही. माझं काम तेच आहे. सांगली-मिरजेतले चार-पाच सुतार आणि ट्रॉलीवाले मला मापं पाठवतात. मी ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये ओटा, ट्रॉल्या, लॉफ्ट, खिडकीतून येणारं ऊन असं सगळं उभं करते आणि संध्याकाळपर्यंत चित्र पाठवते. गिऱ्हाईक त्या चित्रावर बोट ठेवून सांगतं, इथे पांढरा नको, इथे लाकडी पोत हवा. मग पुन्हा रेंडर, म्हणजे मॉडेलवरून चित्र तयार करणं.

हे सगळं ज्या लॅपटॉपवर चालतं तो २०१७च्या शेवटी घेतलेला आहे. सातव्या पिढीचा आय५ प्रोसेसर, नंतर वाढवून घेतलेली १६ जीबी रॅम आणि एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० हे ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०चे मोफत अपडेट थांबले, आणि विंडोज ११ला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत माझा प्रोसेसर नाही. दिवाळी आठवड्यावर आली होती, सुतारांची कामं अंगावर होती. नवा लॅपटॉप घ्यायचा तर सत्तर-ऐंशी हजार लागणार होते. म्हणून भाऊबीजेला भावाबरोबर पुण्याहून भाचा आला तेव्हा त्याने पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट २२.२ आणलं. ही विंडोजऐवजी वापरता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम.

मिंटबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. मला लिहायचंय ते त्यातल्या ड्रायव्हर मॅनेजर नावाच्या एका छोट्या खिडकीबद्दल. ड्रायव्हर म्हणजे ग्राफिक्स कार्डासारखा भाग सिस्टिमला चालवता यावा म्हणून लागणारा प्रोग्रॅम, आणि तो निवडायची ही जागा. माझं अख्खं काम त्या खिडकीवर अवलंबून होतं, आणि मी तिच्याकडे गेले सगळ्यात शेवटी. मधे दीड महिना गेला, दोन हजार रुपये गेले आणि एक सुतार दुसरीकडे गेला.

पहिली अडचण पेनड्राइव्हवरून सुरू करतानाच आली. मिंटचं चिन्ह दिसलं आणि पडदा काळा झाला. अशा दोन ग्राफिक्सच्या लॅपटॉपमध्ये, म्हणजे एक इंटेलचं प्रोसेसरमधलंच आणि दुसरं वेगळं कार्ड, हे होऊ शकतं. मिंटच्या सुरुवातीच्या मेनूत 'कम्पॅटिबिलिटी मोड' अशी ओळ असते. ती निवडली की कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, 'नोमोडसेट' असा शब्द दिला जातो आणि पडद्याची मांडणी साध्या पद्धतीने होते. त्या ओळीवरून पाच मिनिटांत डेस्कटॉप दिसला आणि अर्ध्या तासात मिंट बसलं. वायफाय, टचपॅड, प्रिंटर, सगळं पहिल्या फटक्यात चाललं. भाचा रात्रीच्या गाडीने परत गेला.

दुसऱ्या दिवशी ब्लेंडर उघडलं. कार्ड निवडायच्या जागी काहीच नाही. फक्त प्रोसेसरवर रेंडर करा. एका एल आकाराच्या ओट्याचा व्ह्यू, जो विंडोजवर अकरा-बारा मिनिटांत व्हायचा, त्याला अडतीस मिनिटं लागली.

कारण समजून घ्यायला मला वेळ लागला, पण ते समजल्यावर पुढचं सगळं सोपं झालं, म्हणून सांगते. मिंट बसवल्यावर एनव्हिडियाच्या कार्डासाठी 'नूव्हो' नावाचा ड्रायव्हर आपोआप चालू होतो. तो स्वयंसेवकांनी, कंपनीची कागदपत्रं हातात नसताना, कार्डाचं वागणं तपासून तपासून लिहिलाय. २०१० पासून तो लिनक्सच्या कर्नलचा भाग आहे. त्या लोकांबद्दल मला फार आदर वाटतो. पण माझ्या पिढीच्या कार्डांना वेग वाढवण्यासाठी कंपनीच्या सहीचं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारा प्रोग्रॅम, लागतं आणि ते नूव्होला मिळत नाही. त्यामुळे कार्ड सुरू होतानाच्या मंद वेगावरच राहतं. ब्लेंडरला रेंडरचं काम कार्डावर करायला एनव्हिडियाची कूडा नावाची जी यंत्रणा लागते ती तर नूव्होत नाहीच. पडदा दाखवायला तो पुरे, माझ्या कामाला पुरत नाही. कंपनीचा ड्रायव्हर हवाच.

मी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "आत्या, सोप्पंय. टर्मिनल उघड आणि मी सांगतो ते टाईप कर. ओपन वालाच घे, आता सगळे तोच घेतात." त्याच्या लॅपटॉपमध्ये आरटीएक्स ४०५० आहे आणि त्याच्याकडे ५८० क्रमांकाचा 'ओपन' ड्रायव्हर महिनोन् महिने बिनतक्रार चालतोय. मी टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाईप करायच्या खिडकीत, तोच बसवला. मधे एका खिडकीने पासवर्ड मागितला, मी दिला. लॅपटॉप परत सुरू होताना एक निळा पडदा आला, त्यावर इंग्रजीत काहीतरी. मी वाचेपर्यंत तो गेला. डेस्कटॉप आला, पण ब्लेंडरमध्ये कार्ड नाही ते नाहीच.

इथे एकात एक दोन दोष होते. पहिला सिक्युअर बूटचा. लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट चालू असेल तर कर्नल ओळखीची सही असलेलेच ड्रायव्हर आत घेतो. आपल्या मशीनवर तयार झालेल्या ड्रायव्हरवर आपल्याच मशीनने बनवलेल्या किल्लीची सही असते, आणि ती किल्ली तुमचीच आहे हे सांगायची एकमेव जागा म्हणजे तो निळा पडदा. दहा सेकंदांत कळ दाबली नाही तर तो निघून जातो, किल्लीची नोंद होत नाही आणि ड्रायव्हर दारातच अडतो. टर्मिनलमध्ये संदेश होता, 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती नोंद नीट केली. तरी कार्ड नाही. कारण दुसरा दोष खाली दडलेला होता. 'ओपन' या शब्दाने आम्ही दोघंही फसलो. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला, तोच हा ओपन प्रकार. पण तो चालायला कार्डातच जीएसपी नावाचा एक वेगळा प्रोसेसर असावा लागतो, आणि तो ट्युरिंग पिढीपासून पुढच्या कार्डांत आहे. माझं १०५० पास्कल पिढीचं, ट्युरिंगच्या आधीचं. त्यात तो नाही. आरटीएक्स ५० मालिकेच्या कार्डांना ओपनच लागतो, भाच्याच्या कार्डाला दोन्ही चालतात, माझ्या कार्डाला ओपन चालणं शक्यच नाही.

आपलं कार्ड कुठल्या पिढीचं हे कळायला टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय' ही कमांड द्यायची. माझ्याकडे 'जीपी१०७एम' असं आलं. त्यातली जीपी ही अक्षरं पास्कलची. जीएम असेल तर मॅक्सवेल, टीयू म्हणजे ट्युरिंग, जीए म्हणजे अँपिअर, एडी म्हणजे आडा. ही दोन अक्षरं पहिल्या दिवशी बघितली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. म्हणून कुणी मला विचारलं तर मी आधी अक्षरं विचारते, लॅपटॉप कुठल्या कंपनीचा ते नंतर.

तेव्हा मात्र मला हे माहीत नव्हतं आणि काम थांबलं होतं. मी लॅपटॉप इथल्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. नाव लिहीत नाही. आठशे रुपये घेऊन त्यांनी संध्याकाळी परत दिला, आणि ब्लेंडरमध्ये कार्ड दिसत होतं. मी त्या रात्री अडकलेले तीनही व्ह्यू काढले. समाधान वाटलं, खोटं कशाला सांगू.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नेहमीचे अपडेट आले, त्यात नवा कर्नल होता. लॅपटॉप परत सुरू केला आणि काळा पडदा, वरच्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. पुन्हा त्याच दुकानात. दोन दिवस ठेवून घेतला, बाराशे रुपये 'तपासणी'चे घेतले आणि सांगितलं, "मॅडम, कार्ड गेलंय. बोर्ड बदलावा लागेल, चौदा हजार. नाहीतर कार्ड बंद करून वापरा." त्याच दोन दिवसांत कुपवाडच्या एका सुताराने त्याचं काम दुसऱ्याकडून करून घेतलं. त्याचा दोष नाही, त्याच्या दारात गिऱ्हाईक उभं होतं.

घरी येऊन मी भाच्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "कार्ड गेलंय असं कशावरून? आधी जुन्या कर्नलवरून सुरू करून बघ." लॅपटॉप सुरू होताना एस्केपची कळ दाबत राहिलं की ग्रबचा, म्हणजे कुठल्या कर्नलवरून सुरू करायचं ते विचारणारा, मेनू येतो. त्यात 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये आधीचे कर्नल असतात. मी आधीचा निवडला. डेस्कटॉप आला. ब्लेंडर उघडलं, कार्ड दिसलं, रेंडर बारा मिनिटांत झालं.

गेलेलं कार्ड जुन्या कर्नलवर रेंडर करत नाही. मला त्या क्षणी रडू आलं. चौदा हजार द्यायची मी मनात तयारी केली होती.

दुकानात काय केलं होतं ते नंतर उलगडलं. त्यांनी कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हरची फाइल उतरवून थेट चालवली होती आणि सिक्युअर बूट बंद करून टाकलं होतं. अशा थेट बसवलेल्या ड्रायव्हरची मिंटच्या अपडेट यंत्रणेला खबरच नसते. तो त्या वेळच्या कर्नलपुरता तयार होतो. डीकेएमएस नावाची सोय जोडली असेल तर नवा कर्नल आल्यावर ड्रायव्हर आपोआप पुन्हा तयार होतो, पण ती जोडलेली नव्हती. शिवाय एक्सऑर्गची, म्हणजे डेस्कटॉप पडद्यावर दाखवणाऱ्या भागाची, एक सेटिंगची फाइल लिहून ठेवली होती, तिच्यात पडदा एनव्हिडियाच्याच ड्रायव्हरने चालवायचा असं बजावलेलं. नव्या कर्नलवर ड्रायव्हर नाही आणि सेटिंग तोच मागतेय, मग इंटेलचं ग्राफिक्स धडधाकट असूनही पडदा काळा. ही पद्धत चुकीची म्हणत नाही मी. ज्याला रोज त्यात हात घालायचाय त्याच्यासाठी ती आहे. पण गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपवर ती वापरली तर पुढच्या अपडेटला काय होईल हे सांगणं त्यांचं काम होतं, आणि न तपासता कार्ड गेलं म्हणणं हे मला अजून टोचतं.

आता त्या खिडकीकडे येते.

एका रविवारी सकाळी सगळं नीट करायला बसले. भाचा फोनवर होता, पण या वेळी प्रत्येक पायरी आधी वाचून, समजून मगच पुढे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळा एकदम दाबल्या की पडद्यावर नुसता अक्षरांचा लॉगिन येतो, काळ्या पडद्यातही. तिथून थेट बसवलेला ड्रायव्हर त्याच्याच काढायच्या कमांडने काढला. एक्सऑर्गची ती फाइल बाजूला नेऊन ठेवली. ओपन पॅकेजचे उरलेसुरले तुकडे काढले. परत सुरू केल्यावर नवा कर्नलही इंटेलच्या ग्राफिक्सवर छान उघडला. बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन सिक्युअर बूट पुन्हा चालू केलं. मग टाइमशिफ्टने सगळ्या सिस्टिमची एक नोंद करून ठेवली, म्हणजे काही बिघडलं तर या रविवारच्या सकाळवर परत येता यावं. टाइमशिफ्ट मिंटमध्येच असतं, वेगळं आणावं लागत नाही.

आणि मेनूतून ड्रायव्हर मॅनेजर उघडला. पासवर्ड, थोडं थांबणं, आणि समोर माझ्या कार्डाचं नाव. खाली तीन-चार पर्याय, ५८०च्या पुढे शिफारस असल्याची खूण, सगळ्यात शेवटी नूव्हो. त्या यादीत 'ओपन' नावाचा एकही पर्याय नव्हता. या खिडकीने कार्डाचा क्रमांक वाचून, त्याला जे चालत नाही ते मला दाखवलंच नव्हतं. जे समजायला मला दीड महिना लागला ते या यादीत पहिल्या दिवसापासून तयार होतं. आम्ही ती उघडलीच नव्हती.

५८० वर टिंब ठेवलं, लागू करा म्हटलं. सात-आठ मिनिटं लागली, त्यात ड्रायव्हर उतरवणं आणि कर्नलसाठी तयार करणं दोन्ही आलं. सिक्युअर बूटच्या किल्लीची नोंद मी पुन्हा टर्मिनलमधून 'मोकुटिल' या कमांडने मागितली. तो एक पासवर्ड ठरवायला सांगतो. तो फक्त एकदा, पुढच्याच पडद्यावर लागतो. साधी अक्षरं आणि आकडेच ठेवा, कारण त्या निळ्या पडद्यावर कीबोर्डची मांडणी अमेरिकन असते आणि चिन्हं भलत्याच कळांवर जाऊ शकतात. लॅपटॉप परत सुरू केला आणि या वेळी मी कळेवर बोट ठेवूनच बसले होते. निळा पडदा आला की कुठलीही कळ, मग 'एनरोल मॉक' (म्हणजे किल्लीची नोंद करा), मग 'कंटिन्यू', मग 'येस', पासवर्ड, आणि 'रीबूट'. पहिल्याच पडद्यावरचं 'कंटिन्यू बूट' निवडायचं नाही, त्याने नोंद न होताच पुढे जातं.

डेस्कटॉप आल्यावर टर्मिनलमध्ये 'एनव्हिडिया-एसएमआय' दिलं. चौकटीत ड्रायव्हरचा क्रमांक, कार्डाचं नाव, तापमान, ४०९६ पैकी किती मेमरी वापरात, सगळं. मी त्या चौकटीचा फोटो काढून भाच्याला पाठवला.

सात आठवडे झाले. दोनदा नवा कर्नल आला आणि दोन्ही वेळा ड्रायव्हर त्याच्यासोबत स्वतःहून तयार झाला. एकदाही टर्मिनल उघडावं लागलं नाही. तोच एल आकाराचा ओटा, त्याच सेटिंगवर, अकरा मिनिटं.

रोजच्या वापरातलं थोडं सांगते. ड्रायव्हर बसला की खालच्या पट्टीवर एक छोटं चिन्ह येतं, त्यावरून तीन पद्धती निवडता येतात: फक्त इंटेल, फक्त एनव्हिडिया आणि ऑन-डिमांड. मी बहुतेक वेळ ऑन-डिमांडवर असते. त्यात पडदा इंटेल चालवतं आणि ब्लेंडरचं रेंडर एनव्हिडियाला जातं, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. ब्लेंडरची खिडकी स्वतः, म्हणजे फिरवून-फिरवून ओटा बघताना, कार्डावर चालवायची असेल तर मेनूत ब्लेंडरवर उजवी क्लिक करून ग्राफिक्स कार्डावर चालवायचा पर्याय निवडायचा. मोठ्या बंगल्याच्या मॉडेलला याने खूप फरक पडतो, एका स्वयंपाकघराला फारसा नाही. पद्धत बदलली की लॉगआउट करावं लागतं, आणि इंटेलवरून परत यायचं तर मी पूर्ण रीस्टार्टच करते.

बॅटरीबद्दल मात्र आशा कमी ठेवा. काम नसताना कार्ड पूर्ण झोपी घालायची सोय ट्युरिंगपासूनच्या कार्डांना आहे. पास्कलचं कार्ड ऑन-डिमांडमध्ये जागंच राहतं आणि थोडी थोडी वीज खातं. माझी बॅटरी बदलून वर्ष झालंय. ऑन-डिमांडवर सव्वादोन तास, फक्त इंटेलवर साडेतीन तासांच्या वर. साइटवर मापं घ्यायला जाते तेव्हा आदल्या रात्रीच इंटेल करून ठेवते. चार जीबी मेमरीही हल्लीच्या मोठ्या टेक्स्चरांना कमी पडते. ग्रॅनाइटच्या पोताची चित्रं मी अर्ध्या मापाची करून घेते, छापल्यावरही फरक कळत नाही.

या खिडकीकडून मला एक हवं आहे. यादीत नुसते आकडे आहेत. आकड्यापुढे 'तुमचं कार्ड पास्कल पिढीचं, म्हणून हा' असं एक वाक्य असतं तर माझ्यासारखीला विश्वास बसायला मदत झाली असती. कारण आकडा मोठा तो चांगला, असं आपल्याला वाटतंच. पास्कलसाठी ५८० ही शेवटची मालिका आहे, पुढच्या ५९० मालिकेत पास्कलला जागा नाही. म्हणजे उद्या कुणी मला ५९० बसवायला सांगितलं तर मी बसवणार नाही. हे एक वाक्य मी कागदावर लिहून लॅपटॉपच्या बॅगेत ठेवलंय, कार्डाचं नाव, जीपी१०७एम आणि ५८० या आकड्यासकट. दुरुस्तीला दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची वेळ आली तर तो कागद आधी देणार आहे.

मिंट २२ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत. तोवर हा लॅपटॉप चालवायचा माझा विचार पक्का आहे. मिंट फुकट मिळतं, पण दुकानात गेले तेवढेच दोन हजार मी जानेवारीत त्यांच्या देणगीच्या पानावर दिले, हिशोबाच्या वहीत 'हत्यारं' या खात्यावर टाकून. आणि कुपवाडच्या सुताराचा परवा फोन आला. एक समांतर ओटा आहे, मधे फक्त साडेतीन फूट जागा, दोन्हीकडे ट्रॉल्या उघडतात का ते बघायचंय. मापं आली आहेत.